आठवड्याआड भरणारी खोली

प्रिय सिग्ने,

शुक्रवारी जिन्यात तू विचारलंस, "मग माझ्या खोलीचं काय?" आणि मी म्हणाले, "तुझे मोजे वाळलेत, घेऊन जा." चाळिशी उलटलेल्या बाईला याहून बरं उत्तर सुचायला हवं होतं. पण खाली तुझा बाबा, योर्गेन, गाडी सुरू करून थांबला होता आणि मला हे घाईत बोलायचं नव्हतं. फोनवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा पाठवून मोकळी झाली असतीस. म्हणून कागद.

आधी माझ्या गुन्ह्याची पुन्हा एकदा कबुली. दोन वर्षं झाली, तू तेराची होतीस. एक आठवडा आईकडे, एक बाबाकडे आणि माझ्याकडे. दर शुक्रवारी शाळा सुटली की पाठीवर पिशवी टाकून या घरातून त्या घरात. तू आईकडे असतानाच्या एका आठवड्यात मी तुझी खोली आवरायला घेतली. रुग्णालयाच्या भांडारात हातमोजे आणि पट्ट्या रचून ठेवायची सवय असलेले हे हात! पांढरे डबे, डब्यांना झाकणं, झाकणांवर छापील चिठ्ठ्या: 'मोजे', 'वायरी', 'इतर'. भिंतींनाही पांढरा रंग दिला. वाटलं, तू उड्या मारशील. तू बूट काढलेस, दारात उभी राहिलीस आणि दातांच्या डॉक्टरशी बोलावं तसं म्हणालीस, "छान आहे. थँक्यू."

त्यानंतर तू आलीस की पिशवी पलंगाच्या पायथ्याशी बंदच असायची. दात घासायचा ब्रशसुद्धा तिच्यातून काढायचीस आणि परत तिच्यातच ठेवायचीस. योर्गेन म्हणाला, "वयच तसं आहे, सोड." पण वयाचा काही संबंध नव्हता. माझ्या आवराआवरीने मी तुला पाहुणी करून टाकलं होतं. पाहुणी एक दिवस यायची थांबते, याची मला भीती वाटायची.

शेवटी मी तुझ्या दारावर टकटक केली. दार उघडंच होतं, तरी केली. तू विचारलंस, "'इतर'मध्ये काय टाकलंयस, माहितीये तुला?" मी म्हटलं, "नाही गं." "माझं सगळं आयुष्य 'इतर'मध्ये आहे, इल्वा." मला हसू आलं, मग तुलाही, आणि मग मी विचारलं, "बरं, मग कसं लावू?" तू म्हणालीस, "तू काही लावू नकोस. तू फक्त शिडी धर."

शिडी धरून मी जे शिकले ते वीस वर्षांच्या नोकरीत शिकले नव्हते. सगळ्यात आधी झाकणं गेली, कारण झाकणाखालची वस्तू तुझ्या लेखी मेलेली. हँगर गेले, खुंट्या आल्या. तुला कपडा फेकला की अडकायला हवा. एकदा घातलेले पण मळलेले नाहीत अशा कपड्यांना स्वतंत्र खुर्ची हवी, यावर आपण अर्धा तास भांडलो. आता माझ्याही खोलीत तशी खुर्ची आहे, कुणाला सांगू नकोस. भिंतींसाठी तू जवळजवळ काळा म्हणावा असा हिरवा रंग निवडलास. योर्गेन डोकावून म्हणाला, "इथे अस्वल झोपणार आहे का?" "हो, आणि ते झोपलं की उठवायचं नसतं," तू ब्रश न थांबवता म्हणालीस.

जुन्या बाजारातून टेबल आणलं, त्याचा एक पाय आखूड निघाला. फोटोंसाठी दोरी बांधलीस. आईचा फोटो लावताना क्षणभर माझ्याकडे बघितलंस, मला आठवतंय. मी चिमटा पुढे केला आणि म्हणाले, "जरा डावीकडे, उजेड चांगला पडेल." तू हलवलास. त्या शुक्रवारी तू पिशवी पूर्ण रिकामी केलीस आणि मी स्वयंपाकघरात टॅकोचा कांदा कापत रडले. कांदा होता म्हणून निभावलं.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. सात कप एकाच वेळी तुझ्या पलंगाखाली सापडले आणि त्यातल्या एकात तर चक्क गवत उगवलं होतं. "ते सोड, तो माझा विज्ञानाचा प्रयोग आहे," म्हणालीस. मग ठरलं, निघायच्या दिवशी कप बाहेर, खिडकी उघडी, चादर धुवायला. तू हे सहापैकी चार वेळा पाळतेस. भांडाराच्या हिशेबात हे प्रमाण वाईट, पण घरात उत्तम. आणि एका शुक्रवारी कुंडीला चिठ्ठी अडकवून गेलीस: 'बुधवारी पाणी. बाकी कशालाही हात नको.' तू नसताना त्या खोलीत जायची ती मला मिळालेली पहिली परवानगी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. योर्गेन आणि मी वेगळे होतोय, हे त्याने तुला सांगितलंय. भांडण नाही, आम्ही दोघं एकमेकांशी फार सभ्य झालो होतो, एवढंच. नदीपलीकडच्या त्याच्या नव्या घरी त्याचे आठवडे होतील, आईचे तिच्याकडे होतील. तुझ्या बाबासोबत लग्नाशिवाय राहिलेल्या बाईला कायदा एकही आठवडा देत नाही, आणि मी मागणारही नाही. पण खोली मी भाड्याने देत नाही, तिथे शिवणयंत्र ठेवत नाही. तुझ्या आईशी मी बोलले. ती म्हणाली, "तिच्या खोलीबद्दल बोलायची माझी हिंमत नाही, तिलाच विचार." योर्गेनही तेच म्हणाला. तुला वाटलं तर ये, एखादा मंगळवार, एखादी परीक्षा, एखादं भांडण झाल्यावर. नाही वाटलं तर सामान न्यायला मी शिडी धरेन, आणि तेही मनापासून. काल सोसायटीचा माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारावरची नावं बदलायला आला होता. "एडमार्क काढायचं ना?" तुझ्या आणि योर्गेनच्या आडनावावर बोट ठेवून त्याने विचारलं. मी म्हणाले, "थांब. या घरात अजून एक एडमार्क आहे की नाही, ते मला तिलाच विचारायचंय."

तुझीच,
इल्वा