विंगेतली खुर्ची

फहाहील, कुवेत
३ फेब्रुवारी २००५

चि. सलील यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या ब्रॉडवेच्या संगीत विनोदी नाटकाची संहिता पोचली. कुवेतच्या मराठी मंडळाच्या नाटकवेडावर हसायला न्यूयॉर्कचे लोक तिकीट काढणार, याचं कौतुक आहे. बाकी कशाचंच नाही. नटांपेक्षा मोठ्याने प्रॉम्प्टिंग करणारी ती काकू म्हणजे मी, हे शेजारची कुबरासुद्धा ओळखेल. आवाज माझा मोठा होताच. शाळेत शिकवायचे तेव्हा वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. पण ती मोडकंतोडकं इंग्रजी का बोलते? मी कॉन्व्हेंटची. नन्सच्या पट्ट्या खाऊन शिकले. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवते आहे. तुझी स्पेलिंगंही सुधारली आहेत.

तुझी चुलतबहीण योगिनी हॉस्पिटलात ड्यूटीवर, मी घरात, बाहेर धूळ.

लोभ आहे. वाढेल की नाही, ते तुझ्या उत्तरावर.

चारुशीलाकाकू


न्यूयॉर्क
२१ फेब्रुवारी

ती. काकूस साष्टांग नमस्कार.

काकूचं इंग्रजी आता राणीच्या तोडीचं केलं आहे. काकू होणारी नटी तुझ्या दुरुस्त्या पाठ करते आणि बाकीचे तिला घाबरतात.

पण मी खऱ्या अडचणीत आहे. शेवट पडतो. हरिश्चंद्रकाका भर प्रयोगात वाक्यं विसरतात, तू विंगेतून ओरडतेस, ते ओशाळून उभे राहतात. दिग्दर्शकाचं म्हणणं, म्हाताऱ्याची कीव येते, हसू येत नाही. नवा शेवट जमला नाही, तर निर्माता दुसरा लेखक आणणार. काका इतके का विसरायचे गं? शुऐबाच्या रिफायनरीतल्या पाळ्यांनी दमायचे का?

माया असू दे, रागासकट.

सलील


फहाहील
६ मार्च

चि. सलीलला आशीर्वाद.

माझं इंग्रजी बिघडवलंस ते सोसलं. हे सोसणार नाही. तुझे काका एकही ओळ विसरले नाहीत. दर शुक्रवारी वफ्र्याच्या शेतांवर टोमॅटो आणायला जाताना ते गाडीत आख्खं नाटक म्हणायचे, बायकांच्या भूमिका आणि गाण्यांसकट. तू मागे तोंड उघडं टाकून झोपलेला असायचास.

आणि प्रयोगाला शाळेच्या हॉलमध्ये एकदम गप्प. एकदा घरी येताना मी फैलावर घेतलं. तर म्हणाले, माझ्या वाक्याला पहिली रांग हसते, तू ओरडलीस की सगळा हॉल. तू रंगमंचावर यायला लाजतेस, म्हणून टाळ्या तिकडे पाठवतो. मी त्यांना मूर्ख म्हटलं. पुढच्या प्रयोगात मी मुद्दाम कुजबुजले, तर हे विंगेकडे बघत तसेच उभे, मी ओरडेपर्यंत.

ते गेल्यापासून घरात कोणी अडत नाही.

तेव्हा तुझ्या नटाला सांग, ओशाळू नकोस. विंगेकडे बघून थांब. आणि मला बोलावणार असशील तर पुढची रांग नको, विंगेत खुर्ची ठेव.

लोभ होता तेवढाच आहे, चढून जाऊ नकोस.

चारुशीलाकाकू


न्यूयॉर्क
१६ एप्रिल

चि. योगिनीस आशीर्वाद.

सुखरूप पोचले. थंडी भिकार, चहा त्याहून. दुसरा लेखक आला नाही. नव्या शेवटावर निर्माता हसला म्हणे, आणि मग बराच वेळ नाक पुसत बसला.

काल पहिला प्रयोग झाला. सलीलने खुर्ची ठेवली होती. मी तोंडावर पदर धरून बसले. शेवटी काका झालेला तो उंच अमेरिकन नट बोलता बोलता थांबला. काकू होणाऱ्या नटीकडे बघायचं, तर माझ्याकडेच बघत राहिला. सलीलने शिकवलं होतं की काय, मी विचारलेलं नाही. नटीने तोंड उघडलं, पण मी आधी ओरडले. सगळं थिएटर हसलं.

दिग्दर्शकाचं तोंड वाकडं आहे. त्याला वाटतं, म्हातारीला खरंच वाटलं की नट विसरला.

विसरला नव्हता गं. मला कळतं.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आठवण ठेव.

आई