लामवोंगचा पहिला फेरा

सोलापूर,
सोमवार

प्रिय श्रीमंत,

परवा माझ्या इंद्रजीतचं पार्सल आलं, थेट लाओस देशातून. आत बायकांचं एक रेशमी नेसण, लुंगीसारखं गुंडाळायचं, त्याला तिथं ‘सिन’ म्हणतात. शिवाय खांद्यावरून घ्यायचा विणलेला पट्टा, लग्नात मनगटाला बांधायच्या पांढऱ्या सुताची एक लडी आणि नाचाचे अकरा फोटो. पोस्टमनने कस्टमचे म्हणून सहाशे चाळीस घेतले. पाठवायला काय पडले ते पोराने सांगितलं नाही, म्हणजे नक्की जास्त पडले. शेजारच्या चिमाबाईंची हयात चादरीच्या कारखान्यात गेली. त्यांनी सिनचा काठ उलटा करून बघितला आणि म्हणाल्या, “हातमाग हाय वो. ह्यात लबाडी न्हाय.”

इंद्रजीत तिथं धरणाच्या कामावर आहे हे तुला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते हे, की त्याचं लग्न ठरलंय. मुलगी तिथलीच, मनीवन नावाची, शाळेत पोरांना नाच शिकवते. दचकलास ना? मी तर आधी भलतंच समजले होते. श्रावणात त्याने एक व्हिडिओ पाठवला. मांडवात सगळ्यांदेखत आपला इंद्रजीत एका मुलीसमोर हात जोडून, मान खाली घालून उभा! मला वाटलं, पोराने परमुलखात काहीतरी करून ठेवलं आणि आता गयावया करतोय. सिद्धेश्वरापुढे दिवा लावला आणि त्याला फोन केला, “कुणाचं काय बिघडवलंस रे?” तो पाच मिनिटं नुसता हसत होता.

मग कळलं, तो त्यांचा लामवोंग नाच. लग्न असो, बारसं असो, सण असो, हा असतोच. पुरुषांचं रिंगण आत, बायकांचं बाहेर, आणि जोडीजोडीने फिरायचं. पण अंगाला हात लावायचा नाही, बरं का. नुसते मनगटातून तळवे वळवायचे, बोटं मागं वाकवायची आणि पाऊल हळू टाकायचं. बांबूच्या नळ्यांचं एक तोंडाने वाजवायचं वाद्य असतं, खेन, ते सारखं घुमत राहतं. पुरुषाने बाईला नाचायला बोलवायचं ते हात जोडूनच. तिने उलट हात जोडले की जोडी झाली. गाणं संपलं की पुन्हा दोघांनी हात जोडायचे आणि आपापल्या जागी जायचं. मला फार आवडली ही रीत.

त्यांच्या दक्षिणेकडे सारवान नावाचा नाच आहे, त्यात पाय जरा जोरात पडतात. तो मला झेपायचा नाही. आणि मुखवटे घालून ते चक्क रामायण नाचतात! त्यांच्या रामायणाच्या नावात लक्ष्मण आधी येतो, राम नंतर. मनीवनने सांगितलं तेव्हा मला तू आठवलास. खोटं कशाला लिहू?

मी शिकतेय हं नाच. रोज दुपारी भांडी झाली की वरच्या मजल्यावरची प्रियंका मोबाईल डब्याला टेकवून ठेवते आणि आम्ही स्वयंपाकघरातच फिरतो. पहिल्या दिवशी चिमाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “काकू, पापड वाळत घालताय का माशा हाकलताय?” आता त्याच माझ्या जोडीला असतात आणि वळताना दर वेळी ओट्यावर आपटतात. सोमवारचा उपास असला तरी मी नाच चुकवत नाही. देवाला चालतंय, मी विचारलंय.

एक गोष्ट मात्र अडकली होती. मनीवनची आई, चांथा, माझ्यासारखीच. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. व्हिडिओवर बोलताना, इंद्रजीत मधे बसून मराठीत सांगत होता, ती म्हणाली, पहिला फेरा दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांचा, आपण दोघी पुढे. मी म्हटलं, बाई, मला कसं चालेल? मनीवनने तिला समजावून सांगितलं, पण चांथाला ते कळेचना. तिने परत विचारलं, “नवरा गेला ते कळलं, पण पाय तर आहेत ना?” मी हसले, आणि फोन ठेवल्यावर रडले.

कारण मला तुझ्या आरोहीची हळद आठवली. तुझ्या मावससासूने माझ्या हातातली वाटी काढून घेतली, “तुम्ही नका लावू” म्हणाली. तू दोन हातांवर उभा होतास. ऐकलंस आणि मांडवाच्या दोऱ्या बघत राहिलास. मी न जेवता वैरागहून एसटी धरली. तीन वर्षं झाली त्याला. पण माझंही लिहिते. वहिनीने दोनदा निरोप पाठवला, तो मी परतवून लावला. आरोही पाया पडायला आली तेव्हा मी देवळात आहे असं सांगायला लावलं. घरातच होते. पोरीचा काय दोष होता? ते माझं चुकलं, श्रीमंत. हे फोनवर बोलले असते, पण आधी कोण बोलणार यातच आपले पैसे संपले असते.

आता खरं कारण. चांथा पहिला फेरा तिच्या भावाबरोबर घेणार आहे. तिने विचारलं, तुझ्याबरोबर कोण? आणि माझ्या तोंडून पटकन गेलं, “माझा भाऊ येतोय.” तुला न विचारता. तिने सगळ्या गावात सांगूनही टाकलं. लग्न माघ पौर्णिमेनंतरच्या शनिवारी आहे. तिकिटं इंद्रजीत काढतोय, दुकान चार दिवस बंद राहिलं तर वैरागात कुणी बियाण्यावाचून मरत नाही. तू आला नाहीस तर मी फेऱ्यात उतरणार नाही, मागे खुर्चीवर बसेन. त्याची मला सवय आहे. पण या वेळी तसं बसायचं नाही मला. चांथा नवऱ्यामुलाच्या मामासाठी रेशमी कोट शिवून घेतेय आणि तिचा शिंपी खोळंबलाय. तू माफी वगैरे काही लिहू नकोस, तुला ते जमत नाही आणि मला वाचवणार नाही. नुसतं छातीचं माप लिही, इंचात. मी समजेन. उलट टपाली पाठव.

तुझीच,
अक्का