बंबाचा गिअरबॉक्स

आबा, तुमचा बंब कळंबोलीत उस्तादांच्या गॅरेजमध्ये उभा आहे. खालून गिअरबॉक्स काढून टेबलावर उघडून ठेवलाय, आणि गाडीखाली वाकून पाहिलं की तो होता तिथे नुसती पोकळी दिसते. तोच ऑटोमॅटिक बॉक्स दुरुस्त करायचा, की तो भंगारात देऊन क्लचवाला साधा बसवायचा, एवढाच प्रश्न होता. एवढाच म्हणते, पण या प्रश्नात आठवडा गेला. पैसे एकाच कामापुरते आहेत. दुरुस्ती फसली तर साध्या बॉक्सलाही काही उरणार नाही. आणि दिवस मे महिन्याचे, खांदा कॉलनीतल्या सोसायट्यांचे फोन उजाडल्यापासून सुरू होतात, "मॅडम, बंब कधी येणार?" तुम्ही आगीच्या बंबाच्या लाल रंगावर निळा मारून घेतलात, मागे मोठ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी' लिहून घेतलंत, तरी लोकांच्या तोंडी तो बंबच राहिला. टँकर म्हटलं तर वॉचमन विचारतात, कुठला टँकर?

तुम्ही कंपनीच्या अग्निशमन दलात होतात तेव्हा दसऱ्याला घरच्या माणसांना आत सोडायचे. मी लहान, नव्या फ्रॉकला फुलांचे डाग पडतील म्हणून आई ओरडते आहे, आणि तुम्ही मला उचलून थेट बंबाच्या सीटवर बसवता. माझे पाय खाली पोचत नाहीत. तुम्ही वाकून दाखवता, "बग, पाय ठेवायला दोनच हायत. यात क्लच नाय. आग लागली का मानूस घाबरतो, गिअर चुकतो. म्हनून यो सोताच गिअर बदलतो." मला ते फार आवडलं होतं, माणूस घाबरेल हे आधीच धरून कुणीतरी यंत्र बनवलंय हे. पुढे कंपनीने लिलावात तो काढला आणि तुम्ही घेतलात. त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापता थापता शेजारणीला सांगत होती, "लोकं निवृत्त झाले का देवाला जातात. आमच्या मानसानं बंब आनला." तुम्ही बाहेर बसून हसत होतात, ऐकू न आल्यासारखं करून.

पण तुम्ही वस्तूंमध्ये जीव अडकवणारे नव्हतात, हेही मला नीट आठवतं. आईच्या कुकरचा कान तुटला, तिने तारेने बांधून तो चालवला. एक दिवस तुम्ही नवा कुकर आणलात आणि जुना तिच्या देखत भंगारवाल्याला दिलात. ती दिवसभर जेवली नाही. तुम्ही दोनदा वाढून घेतलंत. दात दुखायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणत होता, तीन काढू, बाकी वाचवू. तुम्ही म्हणालात, अर्धवट दुखनं ठेवायचं नाय, सगळे काडा. आणि बंबाचा पाण्याचा पंप गेला तेव्हा मीच तुम्हाला म्हटलं होतं, आबा, दुरुस्त करून बघू ना, कंपनीपासूनचा पंप आहे. "पानी पायजे का पंप पायजे तुला?" इतकंच म्हणालात आणि नवा पंप आणायला निघून गेलात. मी कॉलेजात शिकत होते, चारचौघांत अपमान झाला म्हणून रडले. आता वाटतं, तेवढ्या एका वाक्यात तुम्ही आख्खे मावता.

तुमच्या जावयाचं तुम्हाला काहीच माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्याच्या ऑफिसात जात होते आणि तुम्ही त्यांना "घाटावरचं साहेब" म्हणून चिडवायचात. कारखाना बंद झाला. त्याच वर्षी मोटरसायकल घसरली आणि डाव्या गुडघ्यात पट्ट्या, खिळे बसले. चालता येतं, पण पाय जोर लावून दाबायचा म्हटलं की घाम फुटतो. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. दारावरची बेल वाजली तरी उठत नसत. पंखा बंद असला तर बंदच. मुलीने हॉस्टेलवरून फोन केला की मला खुणेने सांगायचे, झोपलोय म्हण. आपलं घर पाचव्या मजल्यावर आहे, आबा. मी बाल्कनीला कुलूप लावलं आणि कबुतरं घाण करतात असं सांगितलं. ते "बरं" म्हणाले. त्यांनाही कळलं असावं, असं मला त्या 'बरं'वरून वाटलं, आणि ऑफिसात टेबलाशी बसून मी दर तासाला घरी फोन करायचे, कोथिंबीर आहे का बघा, गॅस बंद आहे का बघा, असं काहीही विचारत.

त्यांना उठवलं ते मी नाही, तुमच्या बंबाने. तुमच्यानंतर ड्रायव्हर ठेवून आपण तो चालवत होतो. गेल्या उन्हाळ्यात ड्रायव्हर न सांगता गावी गेला, सोसायटीत पाण्याचा थेंब नाही, बायका मला फोनवर वाटेल ते बोलल्या. मी रडकुंडीला येऊन फोन ठेवला तर हे पँट चढवत होते. म्हणाले, "त्याला क्लच नाही ना?" दुपारी परत आले ते डिझेलच्या वासाने भरलेले, आणि आल्या आल्या म्हणाले, आणखी एक भाकरी असेल तर वाढ. तेव्हापासून वर्षभर रोज गेले. खाकी शर्ट शिवून घेतला. वॉचमनशी भांडण, मुलांना हॉर्न वाजवू देणं, सगळं सुरू झालं. मी बाल्कनीचं कुलूप काढलं. कबुतरं आली तर आली.

आणि मग चिरनेर. तुमच्या चुलतभावाच्या नातीची हळद होती, पाणी द्यायला हे गेले. टाकी रिकामी करून निघाले तर गावाबाहेर डिझेलचा पाइप फुटून इंजिन बंद पडलं. हळदीतली पोरं डंपर घेऊन धावली. "बंबाला कोनी विजवला रं?" म्हणून हसली. यांनी मेकॅनिक बोलावतो म्हटलं, तर ऐकेनात. "जावाय, तुमी नुसता स्टेरिंग धरा. गावच्या जावयाला आमी रस्त्यात सोडत नाय." साखळी बांधली, बेंजोवाले वेशीपर्यंत वाजवत आले, आणि इतक्या प्रेमाने, इतक्या हळूहळू त्यांनी तो कळंबोलीपर्यंत ओढत आणला. पैसे घेतले नाहीत, उलट मला मटणाचा डबा पाठवला. इथे पाइप अर्ध्या तासात बसला. इंजिन सुरू झालं. गाडी मात्र पुढे जाईना.

उस्तादांनी सांगितलं तेव्हा कळलं. "ताई, इंजिन बंद तर आत तेल फिरत नाही. चाकं फिरत होती, बॉक्स सुका घासत आला. याला ओढायचं तर मागचा शाफ्ट आधी खोलायचा असतो." त्या पोरांचा काय दोष, आपल्याकडे सगळेच ट्रक असे ओढून नेतात. पण आबा, तुम्हाला हे माहीत असणारच. तुम्ही त्यावर इतकी वर्षं काढलीत. ऑइल कुठलं, हवा किती, कुठल्या चढावर काय करायचं, सगळं सांगून ठेवलंत, आणि हे एक सांगायचं राहिलं? टेबलावर बॉक्समधून काढलेल्या त्या काळ्या पडलेल्या चकत्या पाहिल्या, त्यांना करपलेल्या दुधाच्या टोपासारखा वास येत होता, आणि मला तुमचा जो राग आला तो तुम्ही गेलात तेव्हाही आला नव्हता.

उस्तादांचं म्हणणं सरळ होतं. साधा बॉक्स तयार आहे, क्लच, पेडल सगळं बसवून देतो, कुठलाही ड्रायव्हर चालवेल. दुसरा जुना ऑटोमॅटिक शोधला तर तोही आतून कसा निघेल सांगता येत नाही. हाच दुरुस्त करायचा तर चकत्या, सील मिळतील, पण त्या चकत्या ज्यात बसतात तो आतला ड्रम खरवडला गेलाय, आणि तो नवा मिळत नाही. "चालेल पण, नाही पण. झूठ नाही बोलणार. लोड घेऊन चढ चढला की कळेल." यावर तुमचे जावई लगेच म्हणाले, "साधाच टाका उस्ताद. ड्रायव्हर ठेवू. मी मालक म्हणून खुर्चीत बसतो, जरा पोट वाढवावं लागेल." उस्ताद हसले. रिक्षातही हे विनोद करत होते, रोडपालीच्या सिग्नलला बाजूच्या टेम्पोवाल्याला म्हणाले, काय शेठ, ड्रायव्हर पाहिजे का, एक पाय फ्री. मीही हसले. घरी आल्यावर त्यांनी खाकी शर्ट काढला, घडी घातली, बाह्या आत दुमडून अगदी दुकानातल्यासारखी, आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "नव्या ड्रायव्हरला होईल." मग पलंगावर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून.

काल सकाळी अर्धी रजा टाकून मी एकटी गॅरेजला गेले. रस्ताभर तुमच्याशी वाद घालत होते. पाणी पाहिजे की पंप, तुम्ही विचारत होतात. मी म्हणत होते, मला माणूस पाहिजे. उस्ताद साधा बॉक्स गोणपाटातून बाहेर काढत होते. मी म्हटलं, तो राहू द्या, आमचाच दुरुस्त करा. ते थांबले. म्हणाले, "ताई, आपल्या बापाची गाडी म्हणून दिल लावू नका. पैसा गेला तर मला तोंड दाखवता येणार नाही." ते खरंच माझ्या भल्याचं सांगत होते. यांच्या पाठीबद्दल, त्या भिंतीबद्दल मी परक्या माणसाला काय सांगणार? तेव्हा तोंडातून निघून गेलं, "आबांनीच सांगून ठेवलंय. बंबाचं सगळं बदला, पण गिअरबॉक्स बदलू नका म्हणाले होते."

उस्तादांनी हात पुसले. "मरहूम बोलले होते?"

"हो. शेवटच्या दिवसांत."

"मग बात खतम. त्यांच्या शब्दाच्या मध्ये मी येणार नाही." त्यांनी गोणपाट परत ओढलं.

घरी येऊन यांनाही तेच सांगितलं. ते वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. "आबा? ज्यांनी सगळे दात एकदम काढून टाकले, ते असं म्हणाले?"

"दात त्यांचे स्वतःचे होते," मी म्हटलं. "बंब आपल्यासाठी ठेवला होता."

"मला कधी बोलली नाहीस."

"गिअरबॉक्सची गोष्ट कधी निघालीच नव्हती."

"खरंच म्हणाले होते?"

"खरंच."

ते उठून बसले. बराच वेळ गुडघा चोळत होते. मग म्हणाले, "तो उस्ताद तेल कुठलं टाकतो बघायला हवं. तिथे कुणीतरी बसायला पाहिजे." आज नाश्ता करून ते तिकडे गेले आहेत. दुपारी त्यांचाच फोन आला, सील आलीत, डबा पाठवू नकोस, इथेच खातो. आवाज उन्हाळ्यातल्या कामाचा होता, घाईचा. मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसले, कारण परवा भरलेली टाकी घेऊन गाडी चढावर नेणार आहेत आणि तो खरवडलेला ड्रम काय करेल हे कुणालाच माहीत नाही. नाही चढली तर पैसे गेले, गाडी गेली, आणि या वेळी त्यांना उठवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. तुमच्या नावावर बोलायलाही मग काही उरणार नाही.

हे पत्र ते परतायच्या आत मी फाडून टाकणार आहे, त्यांच्या हाती लागता कामा नये. तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. तुम्ही असतात तर टेबलावरच्या त्या चकत्यांकडे एकदा बघून म्हणाला असतात, फेकून द्या, साधा टाका, आणि तुमच्यापुढे ना उस्ताद बोलले असते, ना मी, ना हे. तुम्ही गेल्यापासून दर अडचणीला मी म्हणत आले, आबा असायला हवे होते. काल गॅरेजमधून बाहेर पडताना पहिल्यांदा मला बरं वाटलं, आबा, की तुम्ही नाही.