उंचीप्रमाणे उभे राहा

४ जानेवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे, तेव्हा लग्नाला येणं काही जमायचं नाही. डॉक्टरांपुढे रडून झालं, चिडून झालं, तो बाबा ढिम्म हलत नाही. तुझ्या दादाच्या लेकीचं लग्न आणि मी पलंगावर, काय म्हणायचं या नशिबाला! तिथलं सगळं तू मला लिहायचंस. मागच्यासारखं 'बाकी ठीक' म्हणून गुंडाळलंस तर याद राख.

तुझ्या आईचं पत्र आलं. तिच्या डोळ्यांचं तुला माहीत आहेच, दिसणं कमी कमी होत चाललंय आणि त्यावर इलाज नाही. मला लिहिते, की दिसतंय तोवर दादा, बापू आणि तू, तिघांना एका फोटोत बघायचंय. तुमच्यापाशी बोलत नाही, कारण बोलून काय होणार हे तिला ठाऊक आहे. वडील गेल्यावर दादानं त्यांची स्कूटर न विचारता भंगारात दिली, आणि त्या दिवसापासून बापूनं त्याच्याशी अबोला धरलाय. एवढे दोन घोडे, आणि स्कूटरवरून!

लग्नाचे फोटो काढताना तू लोकांच्या रुसलेल्या सासवांना हसवतेस म्हणे. मग आता घरचं बघ.

तुझी, बसल्या जागी वैतागलेली,
मावशी

१३ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पाय जप. मी घरी नव्हते म्हणून उत्तराला उशीर झाला. सलग लग्नं होती. सकाळी बॅटऱ्या भरायच्या, लेन्सा पुसायच्या, चपटे बूट घालायचे आणि दिवसभर कधी खुर्चीवर तर कधी जमिनीवर पालथं. माझे गुडघे बघितलेस तर तुझा पाय बरा म्हणशील.

रुसलेल्यांचं म्हणशील तर मला खांदे बघून कळतं. बोलत नसलेली माणसं शेजारी उभी केली, की खांदे दाराच्या फळ्यांसारखे होतात. म्हणून मी ग्रुप फोटोत कोण कुणाचा कोण हे विचारतच नाही. सगळ्यांना उंचीप्रमाणे उभे राहा म्हणते. उंचीवर कुणाला रुसता येत नाही. कुरकुरत का होईना, उभे राहतात.

आपल्या घरी हेच नडतंय. दादा आणि बापू दोघेही ताडमाड, उंचीप्रमाणे शेजारीच येणार. बापूनं आधीच बजावलंय, की लग्नाला येईन, पोटभर जेवीन, पण फोटोत या टोकाला मी आणि त्या टोकाला तो. दादा म्हणतो, मी कुणाला बोलवायला जाणार नाही, ज्याला यायचं त्यानं यावं. दोघेही मलाच सांगतात. मी म्हणजे यांचं टेलिफोन एक्स्चेंज झालेय.

मावशी, खरं सांगते, मला भीती वाटतेय. परक्या लग्नात काही बिघडलं तर मी सावरून नेते. इथे आईला हा फोटो एकदाच द्यायचाय, आणि नेमकी मी कॅमेऱ्यामागे नसणार. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा द्यायला माझा जीव धजत नाही. टायमर लावीन आणि धावत येऊन उभी राहीन.

तुझी लाडकी (निदान मला तरी तसं वाटतं),
ठकू

९ फेब्रुवारी

ती. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

लग्न छान झालं, तुमची आठवण पदोपदी निघाली. ठकूवन्सं दमून झोपल्यात, म्हणून मी लिहायला बसले.

इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहिले, पण त्यांना काम करताना बघितलं नव्हतं. अहो, काय ती बाई! आमची लेक कॅमेरा दिसला की पुठ्ठ्यासारखी होते. वन्संनी तिला हसायला सांगितलंच नाही. नुसता श्वास सोड म्हणाल्या, आणि त्या सुटलेल्या श्वासातला चेहरा टिपला. नवऱ्यामुलाचे आजोबा कोपऱ्यात एकटे बसले होते, त्यांच्याजवळ जाऊन आधी कितीतरी वेळ त्यांच्या जुन्या नोकरीच्या गप्पा ऐकल्या, मग कॅमेरा वर केला. कुणाला ढकललं नाही, कुणावर ओरडल्या नाहीत. मला तर अभिमानानं भरून आलं.

मग आपल्या फोटोची वेळ आली. आई खुर्चीवर बसल्या. मागे हे आणि बापूभावजी, मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी फट. वन्संनी टायमर लावला, धावत येऊन त्या फटीत उभ्या राहिल्या. खटका वाजला. दोघे भाऊ दोन भिंतींकडे बघत होते. झालं, म्हणून वन्सं तोंड पाडून कॅमेऱ्याकडे निघाल्या.

पण झालं नव्हतं! आधी पोरांचा फोटो काढताना, पोरं स्थिर राहत नाहीत म्हणून, त्यांनी टायमर लागोपाठ दहा फोटोंवर ठेवला होता आणि तो बदलायलाच विसरल्या. एवढ्या कसलेल्या वन्सं, पण सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि जीव सगळा या एका फोटोत. तेवढ्यात दिव्याच्या वायरीत त्यांचा पाय अडकला. हे आणि भावजी दोघेही एकदम झेपावले, दोघांची टाळकी आपटली, आणि कॅमेरा आपला खटाखट चालूच.

मोठ्या पडद्यावर आईंना दहाही फोटो दाखवले. पडद्याला नाक लावून एकेक बघितला. एका फोटोत वन्संचा अंबाडा आणि एक बूट एवढंच दिसतंय, भावजी कपाळ धरून हसताहेत आणि हे भावजींचं टेंगूळ तळव्यानं चोळताहेत. वन्सं शरमेनं लाल झाल्या, म्हणाल्या, असला हललेला फोटो मी गिऱ्हाइकाला दाखवलासुद्धा नसता. आईंनी तोच मोठा करून मागितला. वन्संनी तिथंच बसकण मारली आणि घळाघळा रडल्या.

दोघे भाऊ मात्र त्यानंतर न बोलताच पांगले. फोटोची एक प्रत आईंनी भावजींना पाठवायला लावलीय. पुढचं काय ते बघू.

तुमच्या पायाला आराम पडो, आणि आमच्यावर ओरडायला लवकर या.
आपली सूनबाई

२ मार्च

ती. दादास,
सा. न.

फोटो पोचला. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्कूटरच्या बाबतीत माझं मत बदललेलं नाही. विचारायला हवं होतंस.

फोटो ऑफिसात टेबलावर ठेवलाय. घरी ठेवला असता तर बायको हसली असती. आता येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, की हे टेंगूळ चोळणारे गृहस्थ कोण. मग सांगावं लागतं, माझा मोठा भाऊ. पहिल्या दिवशी 'आमच्या नात्यातले' म्हणून सुटलो. आता सरळ निघतं. काल तर कुणी विचारलं नाही, तरी मीच सांगितलं.

ठकीचं काम किती अवघड आहे हे मला कधी कळलंच नव्हतं. तिला सांगू नकोस, शेफारेल. किंवा सांग.

रविवारी येतोय. स्कूटरवरून भांडायचं आहे, समोर बसून, सविस्तर. आईला दिवसाउजेडी आपण दोघे नीट दिसू, म्हणून सकाळीच येतो. आशीर्वाद पत्रातून पाठवू नकोस. आल्यावर दे.

तुझा धाकटा भाऊ,
बापू