पाचव्या नळासमोरची नोंद

सोम., १२ जाने.
मुंढव्याच्या बारमध्ये स. ९ पासून. सोमवारी बार बंद, म्हणून पंधरवड्याची धुलाई आजच. सहा नळ. पाचव्याच्या लाइनला, म्हणजे पिंपापासून येणाऱ्या नळीला, आतून बियरचा खडा धरलेला. कॉस्टिक, म्हणजे धुण्याचं क्षाराचं पाणी, जरा कडक करून ती वेगळी भिजत ठेवली. बाकीच्या धुऊन काढल्या. तोवर साडेअकरा. साडेबाराला हडपसरला कामगारांपुढे भाषण, विषय सुरक्षितता. घाई. बियरचे पिंप (केग) जोडले, वहीत सहाही नळांपुढे 'सात' लिहिलं, सही केली. सात म्हणजे लाइनमध्ये कॉस्टिक उरलेलं नाही. तपासायची पट्टी दोनच नळांना लावली. वेळ कुठे होता.

भाषण उत्तम झालं. चाळीस मिनिटं, हातात कागद नाही. "निष्काळजीपणा हा अपघात नसतो, तो कुणीतरी घेतलेला निर्णय असतो." या वाक्याला मागची माणसं उभी राहिली. शेवटी थोडा लांबलो.

मंगळ., १३ जाने.
दु. ४, मॅनेजर बापटांचा फोन. बारवर काम करणारी वैशाली रोज उघडण्याआधी प्रत्येक नळाचा पहिला घोट स्वतः चाखून थुंकते. आज पाचव्याचा घेतला आणि तोंड भाजलं. थोडं गिळलंही गेलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलंय.
बापट म्हणाले, "वहीत सात आहे. म्हणजे तुमच्याकडून काही नाही."
"नाही," म्हणालो.
लगेच गेलो. पाचव्या नळाखाली पट्टी धरली. गडद जांभळी, म्हणजे कॉस्टिक. पाणी सोडलं, पट्टी हिरवी होईपर्यंत सोडत राहिलो. किचनमधला रफिक आणि दोघं वेटर बघत होते. त्यांना वाटलं, सर तपास करतायत. जांभळी पट्टी खिशात घालून घरी आणली.

बुध., १४ जाने.
काही नाही.

गुरु., १५ जाने.
वैशालीला दवाखान्यातून घरी सोडलं. जिभेवर, टाळूवर फोड. घशाचं महिनाभराने कळेल.
आणि तिची नोकरी गेली. बापटांचा हिशेब सरळ: वहीप्रमाणे लाइन स्वच्छ, म्हणजे हिने ग्लास धुण्याच्या औषधाचा ग्लास उचलला असणार. वर, कामावर असताना दारू तोंडाला लावली. दोन्ही गुन्हे तिचेच.
संध्याकाळी रफिक घरी आला. "सर, सोमवारी मालक येणार आहेत. आमच्या वतीने तुम्ही बोला. आम्हाला बोलता येत नाही." त्याला चहा दिला. हो म्हणालो. नाही कसं म्हणणार, आणि का म्हणून...

शनि., १७ जाने.
दिवसभर भाषण लिहिलं. कायद्याची तीन पुस्तकं काढली, कात्रणांची फाइल काढली. हातमोजे नाहीत, प्रशिक्षण नाही, सहा नळ धुवायला एकच माणूस, दुसऱ्याने तपासायची पद्धत नाही. सगळं खरं आहे. एकही वाक्य खोटं नाही. अकरा पानांत मालक आहे, मॅनेजर आहे, व्यवस्था आहे.
अलकाने चष्मा लावून सगळं वाचलं. "छान आहे. पण अहो, लाइन धुतली कोणी ते कुठे आलं नाही यात."
"ओघात येईल," म्हणालो.
"ओघ अकरा पानांचा आहे," म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. तिला कळलंय का?

रवि., १८ जाने.
हडपसरला वैशालीच्या खोलीवर गेलो. सांगायचं ठरवून. यवतमाळकडची, लेक चौथीत, दोघीच राहतात. लेकीने चहा केला. वैशाली स्वतः थंड दूध घोटघोट घेत होती, प्रत्येक घोटाला डोळे मिटून.
बोलताना त्रास होतो, तरी बोलली. "माहीच चूक असन, भाऊ. आधी वास घ्याले पायजे होता मी."
"त्याला वास येत नाही."
"मग कसं समजाव माणसानं?"
"धुणाऱ्याने आधी..." इथे थांबलो. ती वाट बघत होती. लेक म्हणाली, काका, बिस्किट घ्या. घेतलं.
चहा संपवून उठलो. आयुष्यभर व्यासपीठावर...

सोम., १९ जाने.
स. ११. टेबलांवर उलट्या खुर्च्या. मालक, बापट, आठ-नऊ कामगार. वैशाली दाराजवळ, ओढणी गळ्याशी. मी उभा राहिलो. अकरा पानं पिशवीतच राहिली. म्हणालो, "पाचवी लाइन मी धुतली नाही. वहीत सात न तपासता लिहिलं. मंगळवारी येऊन रफिक आणि वेटरांसमोर ती धुऊन टाकली." जांभळी पट्टी टेबलावर ठेवली.
बापट हळू आवाजात, "आपण शुद्धीवर आहात ना?"
मालकांनी लेखी मागितलं. दिलं. वाचून म्हणाले, "ठीक. पण ही प्यायली, हे तर खरंच ना?"
यावर माझ्याकडे चार पानं होती. तोंड उघडलं तर रफिक म्हणाला, "सर, तुम्ही बसा." बसलो.
तोच बोलला. अडखळत, मालकांकडे न बघता. "चव बघते आणि थुंकते साहेब, रोज. गिऱ्हाइकाच्या आधी तिच्या तोंडात जातं. त्या दिवशी तिने घेतलं नसतं तर कुठल्यातरी टेबलावर गेलं असतं. आमच्यापैकी कुणी दुसरं चाखतं का, विचारा." एवढंच.
मालक म्हणाले, गुरुवारी सांगतो. माझं काम आजपासून बंद.
बाहेर वैशाली रिक्षासाठी उभी. जवळ गेलो. माफी मागायला सुरुवात केली, तिने हात वर करून थांबवलं.
"काल माह्या घरी चहा पेऊन गेले तुम्ही. तवा माहीत होतं?"
"हो."
भाऊ म्हणाली नाही. ओढणी तोंडावर घेतली आणि रिक्षात बसली.