बिनधुराच्या चुलीचे एजंट

मेहकर,
ता. १७ नोव्हेंबर १९६८

चि. पंजाबराव यास,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुम्ही दोघं आणि मुलं खुशाल असाल असं धरून चालतो. तुझी वहिनी रुख्मिणी हिचा गुडघा दुखतो, बाकी तक्रार नाही. कपाशी यंदा बरी आहे म्हणतात. आपण आता शेतीत नाही, तेव्हा लोक म्हणतील ते खरं.

तुझी तीन पत्रं आली. एकालाही उत्तर दिलं नाही, कारण तिन्हींत तू एकच विचारलंस : "दादा, कमिशनच्या योजनेचं काय झालं?" काय झालं ते आज सांगतो. हातातलं काम बाजूला ठेवून वाच.

तू पुण्यात कंपनीच्या विक्री खात्यात पंख्याखाली बसतोस. तिथून होळीला मला लिहिलंस की चूल चांगली असून उपयोग नाही, ती विकणारी माणसं पाहिजेत. पगारी माणूस ठेवू नका, कमिशनवर ठेवा. तो आपल्या जबाबदारीवर हिंडेल, विकेल तर खाईल. आणि खाली ठळक अक्षरात, "मुंबईत हल्ली नुसत्या टेलिफोनवर माल खपतो." मी सातवी शिकलेला मिस्त्री. सिमेंटच्या चुली साच्यात ओतणं मला येतं, बोलणं येत नाही. म्हटलं, धाकटा भाऊ शिकलेला आहे, ऐकावं.

पहिला एजंट भगवंतराव. अडत दुकानात त्याचा मेहुणा असतो आणि त्या दुकानात टेलिफोन आहे, एवढीच त्याची लायकी. रोज दुपारी तो तिथे बसायचा आणि चिखली, खामगाव, मलकापूर, जिथे लाइन लागेल तिथे ओरडायचा. मी एकदा जाऊन ऐकलं.

"हॅलो! चूल! चूल म्हंतो मी! फूल नाई हो, चूल! बिनधुराची! धूर... धूर नाई निंघत! हॅलो!"

खामगावच्या एका जिनिंगमध्ये मुनिमानं त्यातला नुसता 'धूर' ऐकला. रुईच्या गंज्यांकडे माणसं बादल्या घेऊन धावली. दुसऱ्या दिवशी मालकानं उलट टेलिफोन करून भगवंतरावाची आई-बहीण काढली. दीड महिन्यात एक चूल खपली नाही. खपणार कशी? ज्याच्या घरी टेलिफोन आहे त्याच्या घरी सैपाकाला बाई आहे, आणि ज्या बाईच्या डोळ्यांत धूर जातो तिला टेलिफोनवर कोण बोलावतो? हे तुझ्या खात्यात शिकवत नाहीत वाटतं.

दुसरा मोतीराम. पूर्वी तो बाजारात दातांचं मंजन विकायचा. त्याला जीभ होती, फार होती. महिन्याभरात चाळीस चुली उठल्या. मी खूश. तुला पत्र लिहायलाही बसलो होतो. तेवढ्यात एक बैलगाडी कारखान्यासमोर येऊन उभी राहिली. गाडीत चार फुटक्या चुली आणि वर एक बाई बसलेली, पदर खोचून.

"कोन व्हय तो चूलवाला? एका गोवरीत सैपाक व्हते म्हने! हत्तीनं पाय देल्ला तरी फुटत नाई म्हने! आमच्या वासरानं फोडली बाप्पा, वासरानं!"

तिनं चारही चुली माझ्या दारात ओतल्या. सगळी गल्ली जमली. मोतीरामला विचारलं तर म्हणतो, "मिस्त्री, खरं बोलून काई इकते का बे दुनियेत?" मला बे म्हणाला. मी त्याला हाकललं. मग तुझा सल्ला आठवून वकिलाकडून नवा करारनामा लिहून घेतला. त्यात एक कलम घातलं : एजंटाने गिऱ्हाइकास दिलेल्या कोणत्याही वचनास कारखाना बांधील नाही. वाचून बरं वाटलं. आता कोणी काय वाटेल ते बोलो, माझ्यावर येणार नाही.

एजंट पाहिजेत अशा पाट्या लिहून मी गावोगावच्या बाजारात लावल्या. संग्रामपूरलाही एक लावली. इथपर्यंत तुला हसू येत असेल. इथून पुढे मला लिहायला त्रास होतो आहे, म्हणूनच तीन पत्रं तशीच पडली.

जुलैत एक दिवस सकाळच्या एस.टी.नं एक बाई आली. पायात वहाणा, हातात पिशवी. दारातच उभी राहिली. नाव विचारायची गरज नव्हती. संग्रामपूरजवळच्या वरवट बकालची वच्छला. तुझी पहिली बायको.

पंजाबराव, मी नऊ वर्षांनी तिला पाहिलं. केस कानाजवळ पांढरे झाले आहेत, चाळिशीही आली नाही अजून.

"मिस्त्री," ती म्हणाली. पूर्वी भाऊजी म्हणायची. "एजंट पाह्यजेत म्हनून पाटी हाये तुमची. मी आली."

मी म्हटलं, "बायांचं काम नाही हे. गावोगाव हिंडा लागते."

"चुलीपाशी कोन बसते, मानसं?"

मी दुसरं विचारलं, एवढा मुलूख ओलांडून माझ्याकडेच काऊन आली. ती म्हणाली, "दुसऱ्यानं मले नाई म्हनलं असतं. तुम्हाले म्हनता येत नाई."

खरंच आलं नाही. करारनामा काढला आणि सवयीनं अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे सरकवली. तिनं ती परत माझ्याकडे सरकवली. कागद उचलला आणि बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश वाचू लागली. गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता, त्यात शिकली म्हणे. वचनाच्या कलमापाशी बोट थांबलं.

"म्हंजे मी बोलली ते माह्यावर. आन् तुम्ही बोल्ले ते बी माह्यावरच?"

मी म्हटलं, "वकिलानं लिहिलं आहे."

"मांगच्या बारीले बी कागद वकिलानंच लिवला होता. तुम्ही म्हनले, पुन्याच्या खोलीचा अर्ज हाये."

रुख्मिणी चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं.

तुला हे माहीत नाही. एकोणसाठ साली तू मला लिहिलंस, "कसंही करून तिचा अंगठा घ्या, माझं इकडे ठरलं आहे." एवढंच. कसंही म्हणजे कसं, ते मी ठरवलं. फारकतीचा कागद खिशात घालून मी वरवट बकालला तिच्या माहेरी गेलो आणि तिला सांगितलं की पंजाबरावाला पुण्यात खोली मिळते आहे, त्या अर्जावर घरधनिणीचा अंगठा लागतो. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि अंगठा दिला. मग मला विचारलं, "भाऊजी, खोलीले खिडकी हाये का?" मी म्हटलं, "हो, आहे." तिच्या हातचा शिरा खाऊन मी परतीची गाडी धरली. त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. तू कधी विचारलं नाहीस की अंगठा कसा मिळाला. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं का, ते मला ठाऊक नाही.

रुख्मिणी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि आत जायची. पाचव्या दिवशी म्हणाली, "मी या मानसाच्या घरात नऊ वर्सं सैपाक केला."

वच्छलानं त्या कलमावर स्वतःच्या हातानं रेघ मारली, खाली सही केली आणि कामाला लागली. तिची विकायची तऱ्हा ऐक, तुझ्या खात्यात सांग. ती बोलतच नाही. गावात एका घरी चूल बसवते, त्याच घरचं पीठ घेऊन भाकरी थापते, आणि शेजारपाजारच्या बायांना म्हणते, "बसा, डोये पुसा लागले तं सांगा." संपलं. एका गोवरीचं नाव नाही, हत्तीचं नाव नाही. कोणी विचारलं फुटते का, तर म्हणते, "हाव, आपटली तं फुटते."

आणि मला तिनं भंडावून सोडलं आहे. चुलीचं तोंड लहान आहे, आपल्याकडचा तवा बसत नाही, साचा बदला. बदलला. धुराड्याची नळी पावसानं गळते, टोपी करा. केली. मागचं भोक उंच आहे, वरणाचं भांडं डुगडुगतं. अरे, पाच वर्षं चुली करतो आहे मी! पण मी त्या चुलीवर एकदा तरी भाकरी भाजली होती का? दर पंधरवड्याला ती येते, पिशवी ठेवते आणि माझ्या चुका सांगते. बरोबर असतात, म्हणून जास्त राग येतो. दिवाळीपर्यंत कारखान्यात चूल शिल्लक राहिली नाही.

दिवाळीनंतर ती आली तेव्हा मी म्हटलं, उत्तरेकडची सगळी एजन्सी तुझ्याच नावानं करून देतो. ती म्हणाली, "ते करा. पन मले आनखी एक पाह्यजे."

तिला काय पाहिजे होतं ते सांगतो. फारकतीच्या कागदावर लिहिलं होतं की मी आपल्या खुशीनं नवरा सोडत आहे, अन्नवस्त्राचा हक्क सांगणार नाही. तो कागद तू तिच्या बापाला, किसनरावांना, धाडला होतास. त्यांनी तो गावातल्या मास्तरकडून वाचून घेतला आणि लेकीनं आपल्या मर्जीनं घर मोडलं, बापाला विचारलंही नाही, असं ते धरून बसले. ती किती सांगायची की मला माहीत नव्हतं. कोणाला पटेल? अंगठा तिचाच. पाच वर्षं एका घरात राहून ते तिच्याशी बोलले नाहीत, आणि न बोलताच गेले. गावातल्या बाया लग्नाकार्यात तिला हळदकुंकवाच्या ताटापासून दूर ठेवतात, कारण हिला पुण्याचा नवरा पुरला नाही.

"तुमच्या तोंडानं सांगा," ती म्हणाली. "चावडीवर. लिवून बी द्या."

मी आठ दिवस टाळलं. माल ओतायचा आहे, सिमेंट आलं नाही, अंगात कणकण आहे. शेवटी रुख्मिणीनं माझं धोतर धुऊन, घडी करून पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "मी बी येतो संगं."

गेल्या रविवारी आम्ही वरवट बकालला गेलो. चावडीवर तीसचाळीस माणसं, बाया एका कडेला. मी लिहून नेलेला कागद काढला, पण वाचता येईना, तेव्हा तसंच बोललो. खोलीचा अर्ज म्हणून मी अंगठा घेतला. पोरीला काही माहीत नव्हतं. फसवणारा मी. खिडकीचंही सांगितलं, ते लिहिलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. तुझं नाव घेतलं, लपवलं नाही.

एक म्हातारा थुंकला, माझ्यावर नाही, पण माझ्याकडे पाहून. मी म्हणणार होतो की मला माफ करा, तोच वच्छलानं हात वर केला, म्हणाली, "ते नोका बोलू. ते मले देता नाई येत." तिची आई मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, वच्छलाजवळ गेली, तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हणाली, "तुह्या बापानं ऐकाले पाह्यजे होतं व." तेव्हा वच्छला रडली. नऊ वर्षांत आईसमोर पहिल्यांदा, असं मनकर्णाबाई रुख्मिणीला म्हणाली.

तो सही केलेला कागद तिच्याजवळ आहे. तिनं तो कोर्टात नेला तर तुला त्रास होईल, मलाही होईल. नेणार का, हे मी विचारलं नाही. नेला तर मी साक्षीला उभा राहीन, आणि ह्या खेपेला खऱ्यावर सही करीन.

तू चिडशील. "योजनेचं विचारलं तर दादांनी माझं घर उकरलं," असं म्हणशील. म्हण. तुझ्या बायकोला आणि मुलांना माझ्याकडून कधी कमी पडणार नाही, त्यांचा यात काही दोष नाही. पण तू धाकटा म्हणून तुझं आजवर जे जे खपवून घेतलं ते चांगलं केलं नाही, एवढं आता कळतं. आणि तू मला थोरला म्हणून कधी जाब विचारला नाहीस, तेही.

मला उत्तर दे नाहीतर देऊ नको. तिला दोन ओळी लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. मी सांगितलेलं एकदा पुष्कळ झालं. पत्ता : वच्छलाबाई, मु. पो. वरवट बकाल. पत्र कोणाच्या हस्ते पाठवू नकोस, पोस्टानं सरळ तिच्या नावावर टाक. ती आपलं पत्र आपण वाचते.

तुझा भाऊ, हा शब्द खोडायचा असला तर तू खोड, मी खोडत नाही,
उकंडराव