तराफ्यावरचा नमस्कार

ओजिमा, तोक्यो
रविवार सकाळ

तीर्थस्वरूप सुहासताईस,

आठव्या मजल्यावरून, गुडघे वाकतील तेवढा नमस्कार. उरलेला समजून घ्यावा. आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा, तुझी झोप आणि तुझा राग, तिघांचीही मनापासून चौकशी करतो. पैकी रागाची प्रकृती उत्तम असल्याचं तुझ्या पत्रावरून कळलं. ‘महिनाअखेर काय ते कळव, नाहीतर वरची खोली त्या पुष्करला देते’ हे वाक्य तू लाल शाईत लिहिलं आहेस. (शाळेतून निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण लाल पेन काही तू शाळेला परत केलेलं दिसत नाही.) पुष्कर गृहस्थ चांगलाच असणार. व्यायाम शिकवतो म्हणतेस, म्हणजे तुझा गुडघाही बघेल. पण त्या खोलीच्या खिडकीतून संध्याकाळी अजिंक्यतारा दिसतो, आणि दिवसभर दुसऱ्यांना उठाबशा काढायला लावणाऱ्या माणसाला तो दिसेल, असं मला वाटत नाही.

आता उत्तराला उशीर का झाला ते सांगतो. प्रथमेशने माझी इथली मुदत वाढवायचा अर्ज आणून माझ्या उशाशी ठेवला. चार पानं. जिथे जिथे सही करायची तिथे तिथे पेन्सिलीने बारीक गोल, आणि गोलाकडे बोट दाखवणारी पिवळी चिकटचिठ्ठी. (इथे कागद असाच हाती देतात. माणसाला चुकायलाही जागा ठेवत नाहीत.) सही केली तर मुक्काम इथे, नाही केली तर मे महिन्यात सातारा. एवढं सोपं, म्हणून मी तो अर्ज अकरा दिवस खिशात घेऊन फिरत होतो. कुणी विचारलं तर ‘वाचतोय’ म्हणायचं. अर्ज जपानीत आहे हे सगळ्यांना ठाऊक, तरी सगळे ‘सावकाश वाचा’ म्हणायचे. शेवटी तेजश्रीच म्हणाली, बाबा, चार दिवस चीनला जाऊन येऊ, डोकं मोकळं होईल. तिच्या कावासाकीच्या ऑफिसात तिची रजा साचली होती. प्रथमेशला रजा नव्हती. (त्याला रजा असते तेव्हा त्याला खोकला असतो.) तेव्हा मी, सूनबाई आणि सई असे तिघे निघालो.

प्रांत ग्वांगशी, नदी ली. तू विसरली असशील, पण आपल्या भूगोलाच्या पुस्तकात या नदीचं चित्र होतं. धुक्यात उभे राहिलेले सुळक्यासारखे डोंगर, खाली तराफा, तराफ्यावर एक म्हातारा आणि दोन पाणकावळे. पुस्तक आधी तुझं, तीन वर्षांनी माझ्याकडे आलं, तेव्हा पाणकावळ्यांना तू चष्मे काढून ठेवले होतेस. वर्गात गुरुजी नद्यांची लांबी सांगायचे आणि मी त्या म्हाताऱ्यासोबत धुक्यात निघून जायचो. प्रगतिपुस्तकात भूगोलाचं जे झालं ते त्यामुळे झालं. वडिलांना खरं कारण कधी सांगता आलं नाही.

प्रवासाचं म्हणशील, तर आमच्या गाईडबाई चिनी, त्या बोलायच्या जपानी, आणि तेजश्री त्याचं मराठी करून मला द्यायची. बाई एका देवळासमोर दहा मिनिटं हातवारे करून बोलल्या. लढाया, राजे, पूर, सगळं झालं असावं. माझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच, ‘बाबा, जुनं आहे.’ शिवाय ओजिमात मी कचऱ्यात तरबेज झालो आहे. बाटली वेगळी, बूच वेगळं, वेष्टन वेगळं, आणि तिघांचे वार वेगळे. त्या शिस्तीला स्मरून चीनमधल्या सगळ्या बाटल्या मी पिशवीतच ठेवल्या. गाईडबाई दर चौकात कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवायच्या. पण त्या डब्याचा वार कोणता, हे कळल्याशिवाय माझा हात काही सुटेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या वळणावर तो दिसला. हुबेहूब चित्रातला. गवती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, आडव्या काठीच्या दोन टोकांना दोन पाणकावळे. (तराफा बांबूच्या रंगाच्या प्लास्टिक नळ्यांचा होता, आणि पक्षी मासे पकडत नव्हते, फोटो काढून घेत होते. मला ते दिसलं. दिसूनही चाललं.) एकेकाने तराफ्यावर जायचं, शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि उतरायचं, अशी पद्धत. माझी पाळी आली. आणि ताई, साठ-पासष्ट वर्षांची ओळख असलेलं वडीलधारं माणूस समोर उभं राहिलं म्हटल्यावर माझे हात आपोआप त्याच्या पायांकडे गेले. त्या बिचाऱ्याला वाटलं, पाहुणा कोसळला. तो मला धरायला वाकला. आता इथे राहून मला एक सवय लागली आहे, की समोरचा वाकला की आपण त्याच्याहून बोटभर जास्त वाकायचं. मी वाकलो. तो आणखी वाकला. टाळकं टाळक्यावर आपटलं, तराफा कलला, पाणकावळ्यांनी आरडाओरडा केला आणि मी कंबरभर पाण्यात जाऊन बसलो. (नदी तिथे गुडघाभरच होती. पण बसल्यावर कंबरभर होते.)

काठावरून तेजश्री ओरडली, “अहो बाबा, फोटोचे पैसे भरलेत आपण! पाया कशाला पडताय?” सई जपानीत काहीतरी म्हणाली, त्याचं भाषांतर तिच्या आईने जरा लाजतच केलं: आजोबांना म्हणावं परत पडा, माझा व्हिडिओ चालू नव्हता. मग गाईडबाईंनी चौकशी केली. तो एकसष्ट वर्षांचा निघाला. दाढी धंद्यासाठी वाढवलेली. मी त्र्याहत्तर, हे कळल्यावर तो इतका ओशाळला की टोपी काढून हातात धरून उभा राहिला.

खिशातल्या अर्जाचा लगदा झाला. मला वाटलं, सुटलो, नदीनेच निकाल लावला. (घरी परतलो त्याच संध्याकाळी प्रथमेश खालच्या चोवीस तास उघड्या दुकानात, इथे त्याला कोंबिनी म्हणतात, गेला आणि दहा मिनिटांत नवी प्रत छापून गोल आणि चिठ्ठ्यांसकट उशाशी ठेवली. या देशात नियतीला काही म्हणून करू देत नाहीत.)

कपडे वाळेपर्यंत त्या माणसाने मला स्वतःच्या स्टुलावर बसवलं आणि थर्मासमधला चहा दिला. भाषा नाही, दुभाषे दूर गेलेले. समोर नदी. मी चौथीतली नदीची कविता म्हणायला लागलो, गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे त्याच चालीत. तो ऐकत होता. आणि तिसऱ्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीला मी अडलो. मी नेहमी तिथेच अडतो. घरी अडलो की प्रथमेश आणि तेजश्री टाळ्या वाजवतात, वा बाबा, अजून एवढं पाठ आहे! सई ‘सुगोई’ म्हणते, म्हणजे भारीच. फार मायेची माणसं आहेत गं. पण अडलेल्या जागी टाळी पडली की कविता तिथेच संपते. त्या माणसाने टाळी वाजवली नाही. पुढची ओळ येणार म्हणून तो चहाचा पेला धरून थांबला. मीही थांबलो. आणि थांबल्या थांबल्या लक्षात आलं की ती ओळ येणारं माणूस साताऱ्यात बसलंय, आणि ते मला आधी ‘गाढवा’ म्हणेल आणि मग ओळ सांगेल. टाळ्या मला भरपूर मिळाल्या. आता चूक काढणारं कुणीतरी हवंय.

हे मी प्रथमेशला कसं सांगू? भाड्याच्या घराला खिळा मारायची मुभा नसते, तरी त्याने तीन अर्ज करून माझ्यासाठी न्हाणीघरात धरायची दांडी बसवून घेतली. त्या दांडीला धरून उभं राहिलं की ‘सातारा’ हा शब्द तोंडातून फुटत नाही.

असो. तब्येतीला जप, उन्हात फिरू नकोस. चि. पुष्करास आशीर्वाद सांग, किल्ली देऊ नकोस.

लाल शाईला अजून भिणारा,
तुझा
लक्ष्मीकांत

ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं. प्रथमेशला तूच फोन कर. गुडघा फार दुखतो, घरात सोबतीला लक्ष्मीकांत हवा, असं म्हण. (दुखत नसला तरी म्हण.) म्हणजे माझ्यावर काही येणार नाही.

ता. क. २. पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहायला तेजश्रीकडे दिलं, तर मान वर न करता ती म्हणते, “बाबा, आत्यांना मी मंगळवारीच फोन केला. खोली देऊ नका म्हटलं. तुम्ही त्या स्टुलावर बसला होतात ना, तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी.” आणि प्रथमेश? म्हणे, “त्यालाही सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला.” म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी तू लाल शाईतला धाक मागे घेतला नाहीस! ते राहू दे. पण ताई, ‘बरं’? नुसतं ‘बरं’? काल दिवसभर तो घरात होता, चहा दिला, औषध दिलं, मे महिन्याची विमानं शोधून खिडकीकडची जागाही बघून ठेवली, आणि या विषयावर एक शब्द नाही. तेव्हा वर सांगितलेला फोन करू नकोस. दुसरा कर. त्याला म्हणावं, अर्ज, चिठ्ठ्या सगळं बाजूला ठेव आणि बापासमोर बसून एकदा तोंडाने ‘बाबा, राहा ना’ असं म्हण. मी राहणार नाही. पण त्याला म्हणायला सांग.